मधल्या तीन आठवड्यांच्या फाइली

भोजराज खोब्रागडे मूळचा आंधळगावचा. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून तो भंडाऱ्याजवळच्या एका कारखान्यात लागला, तेव्हा घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारा तो पहिलाच होता. त्याच्याकडे मेल सर्वर होता. कारखान्याचा सगळा पत्रव्यवहार, ऑर्डरी, नकाशे त्याच मशीनमधून जात. आठ वर्षं ते मशीन त्याने जपलं.

२००७ च्या पावसाळ्यात बॅकअपचं टेप-यंत्र बिघडलं. शेवटचा पुरता बॅकअप जुलैअखेरच्या आखाडीच्या सणाआधीच्या शनिवारचा. त्यानंतर डिस्क भरत चालली. सर्वरवर येणारी-जाणारी प्रत्येक मेल आधी एका लॉग फाइलीत लिहिली जाते, मग मुख्य डेटाबेसमध्ये. बॅकअप नीट झाला की जुन्या लॉग फाइली सर्वर आपणच काढून टाकतो. बॅकअपच होत नव्हता, म्हणून त्या साचत होत्या.

भोजराजने कारखान्याचे मॅनेजर कटरे साहेबांना मेल लिहिली. आठवड्याने दुसरी, मग तिसरी. नवीन यंत्र द्या, नाहीतर निदान एक बाहेरची डिस्क तरी द्या. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"जागाच पाहिजे ना? मग जुन्या फाइली उडव."

"साहेब, ती रद्दी नाही. उद्या डेटाबेस बिघडला तर आखाडीचा बॅकअप टाकून या फाइली त्याच्यावर ओळीनं चालवाव्या लागतात. तेव्हाच कालपर्यंतचं सारं परत येते. मधातली एक जरी गेली, तर पुढच्या साऱ्या बेकार."

"दिवाळीनंतर पाहू," साहेब म्हणाले.

ऑगस्ट संपता संपता आई शकुनबाईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. भोजराज दोन दिवस नागपूरला होता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन आला. हिशेब विभागातला विनोद बोलत होता, "भाऊ, मेल बंद पडली. डिस्क फुल दाखवून राहिली."

"हात नको लावू. मी येऊन राहिलो."

आईला बहिणीच्या हवाली करून त्याने एसटी धरली. तो पोचला तेव्हा मेल सुरू होती.

"कायले हात लावला बा?"

"साहेबानं सांगितलं. जुन्याच उडवल्या, नव्या आहेत ना," विनोद म्हणाला.

भोजराजने यादी पाहिली. आखाडीपासून तीन आठवड्यांच्या फाइली नव्हत्या. रिसायकल बिनसुद्धा विनोदने साफ केलं होतं. भोजराज तसाच साहेबांकडे गेला. "आज एक डिस्क द्या साहेब. आज नवीन पुरता बॅकअप घेतला, तर अजूनही वाचतो आपण."

"मशीन चालू आहे ना? मग कायले रडतो?"

त्या दिवशीही त्याने मेल लिहिली. ती चौथी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाइट गेली. यूपीएस दम धरू शकला नाही. लाइट आली तेव्हा डेटाबेस उघडेना. भोजराजने दुरुस्तीचा प्रोग्राम लावला. दिवसभर चालून तो चूक दाखवत थांबला. मग आखाडीचा बॅकअप टाकला आणि राहिलेल्या लॉग फाइली चालवायला घेतल्या. पहिलीच फाइल सर्वरने नाकारली, कारण तिच्या आधीची सापडत नव्हती. ऑगस्टअखेरच्या आणि सप्टेंबरच्या सगळ्या फाइली समोर होत्या, आणि एकही चालत नव्हती.

सहा आठवड्यांचा पत्रव्यवहार गेला. त्यात भोजराजच्या चारही मेल गेल्या. साहेबांच्या पेटीतल्याही गेल्या, कारण पेटी त्याच डेटाबेसमध्ये होती. त्याने एकीचाही प्रिंट काढून ठेवला नव्हता.

चौकशीत साहेब म्हणाले, "मला याने काहीच कळवलं नाही." फाइली कोणाच्या सांगण्यावरून उडवल्या, असं विनोदला विचारलं. त्याने टेबलाकडे पाहत सांगितलं, "मले काही माहीत नाही."

भोजराजला राजीनामा लिहायला सांगितलं.

घरी शकुनबाईच्या डोळ्यावरची हिरवी पट्टी नुकतीच निघाली होती. तिने विचारलं, "तुनं काय मोडलं रे बाबू?"

"मी काही नाही मोडलं, माय."

शेजारी कोणी विचारलं की ती विषय बदलायची, आणि ते भोजराजला ऐकू यायचं. नागपुरात दोन ठिकाणी त्याची निवड झाली. दोन्हीकडून जुन्या कारखान्यात फोन गेला आणि नंतर कोणी बोलावलं नाही. सुरुवातीला तो भेटेल त्याला लॉग फाइलींचं समजावून सांगायचा. लोक मान हलवत. पुढे त्याने सांगणं सोडलं.

आता तो तुमसरला एका राईस मिलच्या वजनकाट्यावर बसतो. ट्रकचा नंबर टाकायचा, वजन टाकायचं, चिठ्ठी काढायची. राजीनाम्यानंतर चार वर्षांनी तिथे एका ट्रकमधून विनोद उतरला. त्यानेही कारखाना सोडून धानाचा धंदा धरला होता. खिडकीशी येऊन तो बराच वेळ घुटमळला.

"भाऊ, तेव्हा खरं बोललो असतो तर माही नौकरी गेली असती."

"हो," भोजराज म्हणाला.

"तुले राग येत असंन."

मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, तसं भोजराजने विनोदची चिठ्ठी काढून खिडकीतून बाहेर दिली आणि पुढच्या ट्रकचा नंबर विचारला.