हुवैशिलचा शब्द आणि साहेबाचा पेला

हुवैशिल बिन खुवैतिमला कोणी कैदेत टाकलं नव्हतं. त्याचं दावं कॉफीच्या किटलीला बांधलं होतं, आणि गाठ त्यानेच स्वतःच्या हाताने मारली होती.

चार हिवाळ्यांपूर्वी शेखने त्याला बोलावून सांगितलं, "हे गोरे पाहुणे उम्म धरवाच्या विहिरीपर्यंत जायचे आहेत. मुलूख तुमच्या टोळीचा, तू सोबत जा." सोबत जाणं म्हणजे नुसतं उंटामागे चालणं नव्हे. टोळीचा माणूस हद्दीवरच्या टेकाडावर उभा राहून ओरडतो, "हे माझ्या शब्दावर आलेत!" त्यानंतर ते हद्दीबाहेर पडेपर्यंत त्यांच्या केसाला धक्का लागला तर त्याच्या सात पिढ्यांचं नाक गेलं. अंगावर येणारा सख्खा भाऊ असला तरी गोळी घालायची. हुवैशिल ओरडला. परत कधी जाणार, हे मात्र विचारलं नाही. पाहुण्याला असं विचारणारा अजून आमच्यात जन्मायचा आहे.

पाहुण्यांनी खुंट्या ठोकल्या. मागून लॉऱ्या आल्या, तेल काढायचा लोखंडी मनोरा आला आणि एके दिवशी विहिरीभोवती काटेरी तार आली. आता टोळीचे उंट आपल्याच विहिरीवर संध्याकाळी तासभर, पत्र्याचा बिल्ला दाखवून पाणी पीत.

तारेच्या फाटकाशी हुवैशिलची राहुटी. रोज सकाळी तेल कंपनीचा साहेब तिथे कॉफीला यायचा. ही अक्कल त्याच्या दुभाष्याची, याकूब मुन्शीची. तो किनाऱ्यावरचा अरब, आपल्यातलाच. साहेबाच्या कानात त्याने सांगून ठेवलं होतं, "म्हाताऱ्याची कॉफी पीत राहा. तोवर इथे गोळी यायची नाही."

आमच्याकडे पेल्याच्या तळाशी घोटभरच कॉफी ओततात. पुरे झालं की पाहुण्याने पेला हलवायचा. काठोकाठ भरून दिला, तर त्याचा अर्थ, पी आणि तीन दिवसांत चालता हो. मग यजमान शब्दातून मोकळा. साहेब चार वर्षांत पेला हलवायला शिकला नाही. नुसता पुढे करायचा. सात पेले, आठ पेले. आधी पोरं हसून लोळायची, नंतर हसेनाशी झाली.

एका दुपारी धाकटा भाऊ जाबर राहुटीत आला. टेकला नाही, कॉफीही घेतली नाही.

"परवा सकाळी आम्ही तार तोडणार. तू बाजूला हो, दादा."

"ते माझ्या शब्दावर आहेत."

"शब्द! जनावरं पाण्यावाचून मरतायत आणि तू त्यांना कॉफी पाजतोस. आता त्यांची धुणी तेवढी धुवायची राहिलीत."

"जाबर, समोर आलास तर मला गोळी घालावी लागेल."

"माहीत आहे. म्हणून तर सांगायला आलो."

हुवैशिलने उंट दामटला आणि किनाऱ्यावरचा शेखचा दरबार गाठला. शेखशेजारी इंग्रजांचा अंमलदार लोडाला टेकून बसला होता, घरच्यासारखा.

"शेख, तुमचे पाहुणे कधी जाणार?"

शेखने आधी अंमलदाराकडे पाहिलं. "कराराचा कागद पंच्याहत्तर वर्षांसाठी आहे, हुवैशिल."

"मी साठीचा आहे."

"मग पुढची सोबत नातवाने करावी," अंमलदार अस्सल अरबीत म्हणाला आणि हसला. दुसरं कोणी हसलं नाही. खिडकीतून त्यांची तोफांची बोट दिसत होती. सही शेखच्या हाताने झाली असेल, पण हात कोणी धरला होता, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं.

ठरल्या दिवशी उजाडताच साहेब आला. मुन्शी मागे उभा. हुवैशिलच्या हातून जन्मात झालं नव्हतं ते त्याने केलं. पेला काठोकाठ भरला, कॉफी बोटांवरून सांडेपर्यंत.

मुन्शीचा चेहरा उतरला. साहेब मात्र खूश, काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, आज म्हातारा उदार झाला."

"त्याला अर्थ सांग, याकूब."

"काका, ते तेवढं सोडा."

"तुझ्या आईचं दूध प्यायला असशील तर सांग!"

"सांगितलं तर संध्याकाळी माझ्या घरी चूल पेटायची नाही." एवढं बोलून मुन्शी साहेबाकडे वळला आणि इंग्रजीत काहीबाही गोड बोलला. साहेबाने हुवैशिलची पाठ थोपटली.

पाहुण्याला कळलंच नाही, तर निरोप दिला असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

तेवढ्यात टेकाडावर उंट दिसले. अकरा बंदुका, पुढे जाबर. हुवैशिलने किटली खाली ठेवली, राहुटीतली जुनी बंदूक उचलली आणि तारेला पाठ लावून, भावाकडे तोंड करून उभा राहिला. नेम धरला. जाबरनेही धरला. कोणीच चाप ओढेना.

शेवटी जाबरने बंदूक खाली केली.

"आम्ही उत्तरेच्या पाण्याला चाललो, दादा," तो ओरडला. "वहिनीला नेतो. तू बस पाहुण्यांपाशी!"

उंट वळले. धूळ खाली बसेपर्यंत हुवैशिल उभाच होता.

मागून कोणीतरी खांद्याला हात लावला. साहेबाने पेला संपवून पुढे धरला होता. हलवला नव्हता.