जरासं सरकव

भाऊंसमोर चहाचा कप ठेवला की ते आधी त्याला अंगठ्याने जरासं सरकवत, मान तिरपी करून बघत आणि पुन्हा सरकवत. कप मनासारखा बसला की बशी वाकडी वाटायची. बशी झाली की टेबल. तोवर चहा गार. एकदा बँकेच्या रांगेत त्यांनी पुढच्या अनोळखी गृहस्थाला खांद्याला धरून हलकेच डावीकडे घेतलं, कारण तो रांगेबाहेर दिसत होता. गृहस्थ भडकले. भाऊ त्यांना म्हणाले, "आता पाहा बरं, किती साजरी दिसून राहिली लाइन!"

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. लग्नाच्या मांडवात पंगतीला बसण्याआधी खुर्च्या नीट लावणारा, दुसऱ्याच्या घरची तसबीर सरळ करणारा. लांबून अशी माणसं गमतीची वाटतात. त्यांच्यासोबत एका खोलीत काम करून पाहा, मग बोला.

मी केलं. लाखनीला हमरस्त्यावर भाऊंचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा, नव्या दुकानाचं उद्घाटन, निवड झाल्याबद्दल अभिनंदन, असं सगळं तिथे छापलं जाई. वरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस. मी पुण्याची नोकरी सोडून गावाकडे आले होते. कोड लिहिता येत होता, पण इथे तो लिहून काय करायचं ते कळत नव्हतं. भाऊंनी बोलावून घेतलं. म्हणाले, "तुले येते, मले सुचते. बस इथं."

त्यांना सुचलेली गोष्ट अशी होती. फ्लेक्स करताना गिऱ्हाईक नेहमी त्यांच्या खुर्चीमागे उभं राही. फोटो जरा इकडे घ्या, नाव जरा वर. असाच एक चहावाला मागे उभा होता. सांगून सांगून कंटाळला आणि त्याने सरळ मॉनिटरच्या काचेवर बोट ठेवून आपला फोटो ओढायला सुरुवात केली. काचेवर तेलकट रेघ उठली, फोटो जागचा हलला नाही. सगळे हसले. भाऊंना हसू आलं नाही. ते मला कितीदा तरी म्हणाले, "त्याचं काय चुकलं, सांग बरं? फोटो त्याचा, बोट त्याचं. सरकाले पाह्यजे होता."

म्हणून आम्ही एक साधन बनवत होतो. दुकानदाराने कॉम्प्युटर न घेता, कुणाला न विचारता, हातातल्या फोनवरच आपल्या दुकानाची वेबसाइट अंगठ्याने मांडायची. फोटो हवा तिथे ओढायचा, भाव बदलायचा, नाव मोठं करायचं. ऐकायला सोपं आहे. करताना माझ्या नाकी नऊ आले, कारण माझ्यामागे भाऊ होते.

ते खुर्चीत बसत नसत. खिडकीपाशी जात, परत येत, माझ्या खांद्यावरून बघत, जिना उतरून खाली जात आणि अर्ध्यातूनच काहीतरी आठवून वर येत. ट्रक गेला की खिडकीच्या काचा थडथडत आणि भाऊ त्या काचांवर हात ठेवून त्यांना गप्प करत. मी म्हणायची, "भाऊ, बसा नं जरा. डोकं उठते." ते बसत. बसल्या बसल्या माझा स्टेपलर सरकवत.

बनवलेलं काहीही ते तडक लोकांच्या हातात नेऊन देत. मला स्कूटर काढायला लावत आणि मागे बसत. कुणाच्याही दुकानात शिरून फोन पुढे करत. मला ताकीद एकच असे, "तू बोलू नोको. फक्त पाह्य." मला ते फार कठीण जाई. माणूस चुकीच्या जागी बोट ठेवतो आहे आणि आपण गप्प उभं राहायचं, म्हणून मी दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवायची.

रस्त्यालगत एका मावशीची खानावळ आहे. ट्रकवाले तिथे जेवतात. तिला आज भाजी कोणती ते रोज आपल्या पानावर टाकायचं होतं. आमच्या हिशेबाने बोट टेकवून उचललं की लिहिता येई आणि बोट दाबून धरलं की ती चौकट उचलली जाई, मग ती कुठेही नेता येई. मावशीने 'वांगे' या शब्दावर अंगठा ठेवला आणि ठेवूनच दिला. श्वास रोखून वाट पाहत राहिली. चौकट अंगठ्याखालून उचलली गेली, मावशी दचकली, अंगठा घसरला आणि वांग्याची भाजी थेट फोन नंबरावर जाऊन बसली.

"मी काईच नाई केलं बाप्पा!" मावशी म्हणाली.

पुढच्या दुकानातही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. मी वैतागले. लोकांना नुसतं बोट टेकवता येऊ नये? भाऊ मात्र परत येताना मागच्या सीटवर आपला अंगठा हवेत दाबून पाहत होते. चौकात त्यांनी माझ्या खांद्यावर जोरात थाप मारली, स्कूटर डगमगली.

"राशनचं दुकान वो! मशीनवर अंगठा ठेवाचा आन टुं वाजेपर्यंत हालवाचा नाई. हालवला तं पुन्हा लायनीत. त्यायले शिकवलंच तसं हाय. आपण कायले उलटं शिकवाचं?"

आठवडाभर ते कुणालाही भेटले की "टुं" म्हणत. पण बदल त्यांनी अचूक सुचवला होता. आता अंगठा दाबून धरला की फोन हलकेच थरथरतो, म्हणजे घेतलं म्हणून सांगतो. चौकटीची कड जाड होते आणि खाली दोन मोठी बटणं येतात, 'लिहा' आणि 'सरकवा'. मावशीला आता कुणी लागत नाही.

भाऊंचं सगळंच अचूक असे असं समजू नका. त्यांची सगळ्यात लाडकी कल्पना सगळ्यात वेडी होती. चूक झाली तर फोनला हिसका द्यायचा, की शेवटचं केलेलं परत मागे जाईल. सदऱ्यावरची धूळ हाताने झटकून टाकावी तसं. मी म्हटलं, नको. ते ऐकेनात. त्यातही हिसका अगदी हलका हवा. "म्हातारी माणसं जोरात हालवतीन का? फोन पडन त्यायचा." मी तसं करून दिलं. स्कूटरवर मागे बसून ते काही मांडायला लागले की गतिरोधक येई आणि सगळं मागे जाई. भाऊ मोठ्याने हसत आणि पहिल्यापासून सुरू करत.

मग एक दिवस ते ऑफिसात उभ्या उभ्या ओरडले, "थे परत जाऊन राहिलं!"

त्यांनी एक फोटो डावीकडे नेला होता. तो आपोआप उजवीकडे गेला. पुन्हा नेला, पुन्हा गेला. मी फोन हातात घेतला, फोटो नेला, तो राहिला. त्यांच्या हातात दिला, की परत. "तुह्या कोडातच बिघाड हाय," ते म्हणाले. मी दिवसभर कोड उलटापालटा केला. काही सापडेना. मला स्वतःचाच राग येत होता आणि ते मागे येरझाऱ्या घालत होते. शेवटी मी कंटाळून म्हटलं, "भाऊ, हातात नोका धरू. टेबलावर ठेवून करा बरं."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. फोटो ओढला. फोटो तिथेच राहिला.

आम्ही दोघं त्या फोटोकडे बघत होतो. मग भाऊंनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, ज्या हातात ते नेहमी फोन धरत. हात थरथरत होता. फार नाही, एवढासाच. आमच्या त्या हलक्या हिसक्याला पुरेल एवढा. त्यांनी तो खिशात घातला.

"काढून टाक थे," ते म्हणाले. "लोकायचे हात हालते."

"होय भाऊ," मी म्हटलं. लॅपटॉपचा पडदा मला धूसर दिसत होता. मी तसंच टाइप करत राहिले, कारण थांबले असते तर रडले असते.

त्यानंतर त्यांना दम धरवेना. तसे ते आधीही घाईचे होते, पण आताची घाई वेगळी होती. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तो हळूहळू वाढणार असंही सांगितलं. वहिनींनी मला जिन्यात गाठून ते सगळं सांगितलं आणि वर, मी सांगितलं म्हणून बोलू नको, असंही बजावलं. खाली फ्लेक्सचं काम त्यांच्याने होईनासं झालं होतं. माऊस हातात धरला की बाण पडद्यावर नाचायचा. आयुष्यभर वस्तू जागच्या जागी लावत आलेल्या माणसाला आता एकच उपाय उरला होता, तो म्हणजे आमचं अर्धवट साधन. ते त्यांच्या हाताने चालायला हवं होतं, आणि हात थांबायला तयार नव्हता.

"हे बटण मोठं कर." मी केलं. "आजून." केलं. "दोन बटणायच्या मधात जागा सोड. बोट भटकते." कोणाचं बोट ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. हळूहळू सरकवताना अंगठा थरथरला तरी चौकट थरथरू नये, ती त्याच्या मधल्या वाटेने शांत जावी, अशी सोय मी केली. भाऊंनी ती करून पाहिली. चौकट सुतासारखी सरळ गेली. ते बराच वेळ तीच एक चौकट इकडून तिकडे नेत राहिले, आणि त्या वेळी मात्र खुर्चीत बसून होते.

नागपूरला राहणाऱ्या मुलीने त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. निघायच्या आदल्या सकाळी भाऊ जिना चढून वर आले. म्हणाले, आपल्या ऑफिसचं पान अजून कोणी केलंच नाही, ते मी करतो. आमच्या जिन्याचा फोटो त्यांनी काढला होता, खालच्या पायरीवर उजवीकडे बसलेल्या कुत्र्यासकट. मी मदतीला पुढे झाले तर म्हणाले, "हात नोको लावू."

दुपारपर्यंत ते एकच पान चाललं होतं. अंगठा ठेवायचा, फोनची थरथर जाणवेपर्यंत थांबायचं, बटण दाबायचं. कितीदा बोट भलतीकडे गेलं, कितीदा हिसक्याच्या जागी आलेलं 'मागे' बटण दाबलं, ते मी पाहत होते आणि नखं खात होते. मुलीचे फोन येत होते. भाऊ ते घेत नव्हते. शेवटी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. वर नाव, मधात जिना, खाली नंबर. जिना जरासा डावीकडे होता.

"मधात पाह्यजे होता का?" मी विचारलं.

"नाई. कुत्र्याले जागा ठेवली," ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, "झालं नं माह्या हातानं?"

"झालं भाऊ," मी म्हटलं. ते उठले आणि जाताना माझी खुर्ची जराशी आत ढकलून गेले.

ते गेल्यावर ऑफिस इतकं शांत झालं की मला काम सुचेना. मग एका सकाळी मी आमचं पान उघडलं आणि जिना केसभर उजवीकडे सरकलेला दिसला. मी समजले, नागपूरला भाऊ उठले, फोन हातात घेतला. चहा समोर असेल, तो गार होत असेल. फोन करायचा विचार आला, पण केला नाही. त्याऐवजी जिना होता तिथे परत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा उजवीकडे होता.

असं रोज सुरू झालं. मी डावीकडे, ते उजवीकडे. कधी नंबर वर, कधी नाव खाली. एकदा मी मुद्दाम जिना पार खाली नेला, तर त्यांनी नावाच्याही वर चढवला. आम्ही फोनवर फारसं बोललोच नाही. बोलून काय बोलणार होतो? कशी हाय तब्येत, बरी हाय. त्यापेक्षा हे बरं होतं.

पुढे पुढे त्यांचं सरकवणं मोठं व्हायला लागलं. जिना कडेच्या बाहेर अर्धा जायचा, नंबरावर बसायचा. खानावळीतली मावशी मला म्हणाली, "तुमचंच पान वाकडं दिसते वो, सरळ कर नं!" मी म्हटलं, राहू दे मावशी. तेवढे दिवस मी काहीच परत ठेवलं नाही. त्यांना जिथे ठेवता येईल तिथे राहू दिलं. मग काही दिवस काहीच हललं नाही, आणि मग मुलीचा फोन आला. भाऊ गेले.

आता लाखनीतली बरीच दुकानं आमच्या साधनावर आहेत. काम वाढलं, दोन नवीन जणी रुजू झाल्या. त्या म्हणतात, ताई, आपलं पान नवीन करू. मी टाळते. जिना उजव्या कडेच्या थोडा बाहेर गेलेला आहे, कुत्रा अर्धा कापला गेला आहे. फार वाईट दिसतं, मलाही कळतं. पण परवा मनात आलं, पान असं इतके दिवस एका जागी पडून राहिलेलं भाऊंना मुळीच चाललं नसतं.

मी अंगठा ठेवला. फोन थरथरला, बटणं आली. जिना जरासा डावीकडे घेतला, कुत्रा पूर्ण दिसेल इतकाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आल्या आल्या पान उघडून पाहिलं. जिना मी ठेवला होता तिथेच होता.