कपडेघरातली दोन गाठोडी

माझी मावशी चाळीस वर्षं आकडे शिवत होती. त्यामुळे तिला सगळे आकडेमावशी म्हणतात, आणि नव्या माणसाला वाटतं की ही कुठल्यातरी शाळेत गणित शिकवत असणार. गणिताचं आणि तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य. तिचं काम कपडेघरात. आमच्याकडे चर्चच्या मागे, परदेशातून आलेल्या सिस्टर्सनी म्हाताऱ्या-आजाऱ्यांसाठी काढलेलं एक शुश्रूषागृह आहे, त्याला सगळे नुसतं 'होम' म्हणतात. तिथे राहायला आलेल्या प्रत्येकाला एक आकडा मिळायचा. तो त्याच्या सदऱ्यावर, झग्यावर, चादरीवर, अगदी मोज्यांवरसुद्धा लाल दोऱ्याने शिवला जायचा, म्हणजे धुऊन आलेलं ज्याचं त्याला परत मिळेल. मावशी एकोणिसाव्या वर्षी तिथे लागली आणि साठाव्या वर्षी निवृत्त झाली. निवृत्त म्हणजे हार घातला, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी ही पुन्हा कपडेघरात हजर.

सिस्टर्स कमी होत गेल्या आणि होम एका ट्रस्टकडे आलं. ट्रस्टचे अध्यक्ष निवृत्त इंजिनियर. माणूस सरळ, पण कागद दिसला की त्यांना अडगळच दिसते. लिफ्ट बसवायची ठरली, आणि ती नेमकी जुन्या दप्तराच्या खोलीतून वर जाणार होती. महिन्याभरात खोली रिकामी करा, असं त्यांनी सांगितलं. मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की त्या खोलीत होमचा इतिहास आहे, तो आधी लिहून होऊ दे. तो लिहिणार कोण, असं त्यांनी विचारलं. तर म्हणाली, माझी भाची. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते, एवढाच माझा गुन्हा. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

अध्यक्षांनी मुदत वाढवून दिली, आणि आम्ही शनिवार-रविवार तिथे बसायला लागलो. खोलीचं छत गळकं होतं, निम्म्या वह्या ओल्या. मी बाजारातून काय काय आणायचं याची यादी करत होते, तोवर मावशीने कपड्यांचीच रीत लावली. वह्या सावलीत उभ्या केल्या, पानं कडक व्हायच्या आत त्यांच्या मध्ये जुन्या चादरींचे तुकडे घातले आणि वर फळी ठेवली. सुटी पानं शिवली, तीही लाल दोऱ्याने. मी म्हटलं, अगं, पांढरा दोरा तरी घे, कागदाला शोभेल. ती म्हणाली, पांढरा म्हणजे त्यांनी शिवलेलं आणि लाल म्हणजे आपण शिवलेलं, मागाहून येणाऱ्याला कळायला नको? मी ग्रंथपालाची पदविका घेतलेली आहे. हे मला तिथे कुणी शिकवलं नव्हतं.

माझं शहाणपण पहिल्याच महिन्यात उघडं पडलं. धुलाईच्या वह्यांवरून मी मोठ्या हौसेने लिहिलं की चौदा नंबरचे गृहस्थ होममध्ये छत्तीस वर्षं राहिले, आणि त्यांच्या दीर्घायुष्यावर अर्धं पान खर्ची घातलं. मावशीने ते वाचलं आणि तिला हसू आवरेना. एक माणूस गेला की त्याचा आकडा मोकळा व्हायचा आणि पुढच्याला मिळायचा, हे मला कुठे ठाऊक. चौदा नंबरचे एकूण पाच जण होते, त्यांत दोन बायका. माझ्या पाच म्हाताऱ्यांचा तू एकच करून टाकलास, असं ती पुढे आठवडाभर भेटेल त्याला सांगत होती.

सगळं छान चाललं होतं ते कबरींच्या यादीपर्यंत. होमच्या मागे त्यांचं छोटं कब्रस्तान आहे. लाकडी क्रूस वाळवीने खाल्ले होते, म्हणून ट्रस्टने ठरवलं की एकच मोठी दगडी पाटी करायची आणि त्यावर रांगेप्रमाणे सगळ्यांची नावं कोरायची. यादी अर्थातच मावशीकडे. एकशे बारा कबरी, आणि तिने एका बैठकीत एकशे दहा नावं लिहून काढली. तिसऱ्या रांगेतल्या सातव्या आणि आठव्या कबरीसमोरच्या ओळी मात्र कोऱ्या. मी विचारलं तर म्हणाली, डोळे दुखतायत. दुसऱ्या दिवशी म्हणाली, पेन नीट चालत नाही. दगड कोरणारा रोज मला फोन करत होता. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मावशी, दोन नावं आहेत, दोन डोंगर नाहीत.

ती कपड्यांच्या टोपलीवर बसली आणि मग तिने जे सांगितलं, ते तिने आजवर माझ्या आईलाही, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या बहिणीलाही, सांगितलं नव्हतं.

होममध्ये एक रिवाज होता. दाखल होतानाच प्रत्येक जण आपला शेवटचा पोशाख निवडून द्यायचा. तो आकडा शिवून, गाठोडं बांधून कपडेघरात ठेवायचे. माणूस गेला की गाठोडं बाहेर काढायचं. शवपेटीवरच्या चिठ्ठीचा नियम असा, की ती नेहमी गळपट्टीवरचा आकडा बघून लिहायची. चेहऱ्यावर जायचं नाही, कारण आजारपणाने चेहरे ओळखू येत नाहीत. मावशी लागली त्याच वर्षी तापाची साथ आली. निम्म्या सिस्टर्स अंथरुणात होत्या, नातेवाइकांना आत येऊ देत नव्हते, आणि मृतांना आंघोळ घालून कपडे चढवायला बाहेरून बायका आल्या होत्या, ज्या कुणालाच ओळखत नव्हत्या. एकाच दुपारी दोघी गेल्या. तेवीस नंबरच्या हेडबाई, म्हणजे शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. आणि चोवीस नंबरच्या शिंपीणबाई. मावशीने कप्प्यांवरचे आकडे बघून दोन गाठोडी दिली. संध्याकाळी दोघींना माती दिली गेली. चौथ्या दिवशी कपाट पुसताना तिच्या लक्षात आलं की कप्प्यांवरचे ते दोन कागद उलटसुलट लागले होते. लावले होते तिनेच, आदल्या आठवड्यात.

आकड्यांवरून चिठ्ठ्या, आणि चिठ्ठ्यांवरून कबरी. म्हणजे हेडबाईंच्या क्रूसाखाली शिंपीणबाई आणि शिंपीणबाईंच्या क्रूसाखाली हेडबाई. एकोणीस वर्षांची पोर, घरी विधवा आई आणि धाकटी बहीण. तिची बोलायची छाती झाली नाही. आणि एकदा बोलायचं राहिलं की राहतंच.

त्यात शिंपीणबाईंना एक मुलगी होती. ती दरवर्षी आई गेली त्या तारखेला फुलं घेऊन यायची, तासभर बसायची, आईशी बोलायची. मावशी त्या दिवशी मागच्या दाराने पसार व्हायची. ती गेली की हळूच जाऊन त्यातली अर्धी फुलं उचलून शेजारच्या कबरीवर ठेवायची, म्हणजे कशीही अदलाबदल झाली असली तरी आईला थोडी पोचतील. एक्केचाळीस वर्षं.

"आता ते दगडात कोरणार," मावशी म्हणाली. "लाकडावर होतं तोवर मी कसंतरी निभावलं."

मी म्हटलं, आपण इतिहास लिहितोय ना, मग शोधू. मृत्यूची नोंदवही काढली, पण त्यात चिठ्ठ्यांवरचीच नावं उतरवलेली. डॉक्टरांच्या दाखल्यांवर तारखेपलीकडे काही नाही. होममध्ये आता एकच सिस्टर उरली आहे, नव्वदीची, तरी तिला अजून छोटी सिस्टर म्हणतात. तिला त्या आठवड्यातलं काही आठवत नव्हतं, ती स्वतःच तापात होती. पण तिने सांगितलं की तेव्हाच्या मदर, म्हणजे सिस्टर्सच्या प्रमुख, रोजनिशी लिहायच्या, आणि औषधांचं कपाट त्यांच्याच ताब्यात असल्यामुळे वह्याही तिथेच ठेवायच्या.

हे ऐकल्यावर मावशी पळत सुटेल असं मला वाटलं होतं. ती जागची हलली नाही.

"सापडलं आणि त्यात तसंच निघालं तर?"

मी म्हटलं, तर दगडावर बरोबर नावं लिहू आणि त्या मुलीला सांगू. तुला काय जातंय बोलायला, म्हणाली. खरंच होतं, माझं काहीच जात नव्हतं. शेवटी मी एकटी गेले. मुदत संपलेल्या बाटल्यांच्या मागे मेणकापडात गुंडाळलेल्या अकरा वह्या निघाल्या. अक्षर मोत्यासारखं, आणि भाषा मदरच्या मुलुखातली. मला तारखांखेरीज एक अक्षर लागेना.

सोमवारी सकाळी छोटी सिस्टर व्हरांड्यात भिंग घेऊन बसली. मावशी तिच्या समोर बसेना, खांबाआड उभी राहिली. सिस्टरने पान शोधलं, ओठांतल्या ओठांत एकदा वाचलं, आणि मग आमच्या भाषेत सांगत गेली. आज दोघी गेल्या. डॉक्टर म्हणाले पेट्या उघडू नका, पण हातात जपमाळ दिल्याशिवाय मी कुणाला पाठवलेलं नाही, म्हणून उघडल्या. हेडबाईंच्या अंगावर शिंपीणबाईंचा निळा सुती झगा होता आणि शिंपीणबाईंच्या अंगावर हेडबाईंचा रेशमी. कपडे बदलायला वेळ नव्हता. चिठ्ठ्या मी माझ्या हाताने बदलल्या.

मावशी खांबाआडून बाहेर आली.

"पुढे लिहिलंय," सिस्टर म्हणाली. "कपडेघरातल्या नव्या मुलीकडून गाठोडी बदलली असणार. सकाळपासून उपाशीपोटी राबते आहे. तिला आज काही बोलणार नाही. उद्या शांतपणे सांगेन, म्हणजे घाबरणार नाही."

मावशीने ते तीनदा वाचून घेतलं. मग उद्याचं पान काढायला सांगितलं. उद्याच्या पानावर एकच ओळ होती: अंगात ताप आहे. त्यापुढची सगळी वही कोरी. मदरना त्याच दिवशी इस्पितळात हलवलं होतं, आणि बऱ्या झाल्यावर त्यांच्या संघाने त्यांना तिकडूनच मायदेशी पाठवलं. त्या परत कधी आल्याच नाहीत.

मावशी आधी रडली, मनसोक्त, माझा रुमाल घेऊन. मग तिला राग आला. एक चिठ्ठी टाकायला काय झालं होतं, असं ती वहीकडे बघून बोलायला लागली. सगळ्या जगाला पत्रं लिहायची ही बाई, मला दोन ओळी लिहायला हात मोडला होता का. छोटी सिस्टर शांतपणे भिंग पुसत बसली होती. पाच मिनिटांनी मावशी थांबली, तोंड धुऊन आली आणि भूक लागली म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन तिने जॅम लावलेल्या पावाच्या चार स्लाइस खाल्ल्या. मग यादी मागितली आणि त्या दोन ओळी भरल्या. पेन उत्तम चालत होतं. इतका हलका चेहरा मी तिचा माझ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि मला वाटलं, झालं, संपलं.

पण ती म्हणाली, अजून मुलीला सांगायचंय. मी म्हटलं, कशाला? नावं बरोबर आहेत, फुलं बरोबर जागी पडत होती, नसती उठाठेव कशाला. ती माझ्यावर डाफरली. आईच्या अंगावर काय होतं हे मुलीला माहीत नको का, म्हणाली.

पुढच्या महिन्यात शिंपीणबाईंचा दिवस आला. मुलगी आता सत्तरीची, काठी टेकत आलेली. मावशी या वेळी मागच्या दाराकडे फिरकली नाही. तिच्या शेजारी बाकावर बसून तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं: कप्प्यांवरचे कागद, गाठोडी, मदरची वही, आणि दरवर्षी उचललेली अर्धी फुलंसुद्धा. मी मुद्दाम जवळ उभी होते, कारण काही भलतंसलतं बोलणं झालं तर मध्ये पडायचं मी ठरवलं होतं.

त्या बाईने काठी बाकाला टेकवून ठेवली. मग म्हणाली, "रेशमी होता म्हणता?"

"हो. बदामी रंगाचा, गळ्याला लेस. हेडबाईंनी एकदाच घातलेला."

"आईने जन्मभर लोकांचं रेशीम शिवलं. स्वतःला कायम उरलेल्या कापडाचं." तिने डोळे पुसले. मग शिंपीणबाईंच्या मुलीला साजेसा प्रश्न विचारला. "अंगाला नीट बसला असेल का हो?"

मावशी विचारात पडली. कपड्यांच्या बाबतीत ती कधी खोटं बोलत नाही. "खांद्यात बसला असेल. कमरेत थोडा सैल."

"थोडा?"

"चांगलाच. हेडबाई अंगाने भरलेल्या होत्या."

"मग बरंय," ती म्हणाली. "आईला सैलच आवडायचं."