परत एकदा, सई

या ब्लॉगवर आतापर्यंत तुम्ही जे वाचलंत ते माझ्या नवऱ्याने, मंदारने, लिहिलेलं होतं. सूर्योदय, मुलांचे हसरे चेहरे, ‘जग हीच आमची शाळा’ वगैरे. आज मी लिहिते आहे. मी म्हणजे फोटोत उजवीकडे टोपी घालून उभी असते ती. चौघांचे कपडे धुणारी आणि रोज सकाळी मुलांची शाळा घेणारीही मीच. तुमच्यापैकी बरेच जण विचारता, ‘आम्हालाही मुलांना घेऊन असंच निघायचंय, काय करू?’ त्यांच्यासाठी हे लिहितेय. गोड नाहीये, आधीच सांगून ठेवते.

मंदार बडोद्याजवळ वाघोडियाला एका कारखान्यात इंजिनियर होता. कंपनीच्या बसने जायचं, कंपनीच्या बसने यायचं. एका संध्याकाळी तो बसमधून उतरला तो ठरवूनच. नोकरी सोडायची, गोत्रीचा फ्लॅट भाड्याने द्यायचा, जग फिरायचं आणि मुलांना वाटेवरच शिकवायचं. मी शाळेत गणित शिकवत होते, त्यामुळे मास्तरीण घरच्या घरी आणि बिनपगारी. सई तेव्हा पाचवीत होती आणि पार्थ पहिलीत.

मी हो म्हटलं ते सईसाठी. ही मुलगी जन्मली तीच प्रश्न घेऊन. शेजारच्या हंसाबेन तिला ‘केमबेन’ म्हणायच्या, कारण त्यांच्या ओट्याशी उभं राहून तिचं दिवसभर गुजरातीतून एकच चालायचं, ‘केम?’ म्हणजे ‘का?’. ढोकळा फुगतो केम, पापडाला फोड येतात केम, तुम्ही काकांना नावाने हाक मारत नाही केम? शाळेतून मात्र तक्रार यायची की प्रश्न फार विचारते, पोर्शन मागे पडतो. मला वाटलं, एवढं मोठं जग समोर आलं तर ही काय काय विचारेल. त्या एका आशेवर मी चालती नोकरी सोडली.

रावपुऱ्यात माझे वडील राहतात. निघायच्या आधी सईने त्यांच्याकडे कुंडीत आंब्याची कोय लावली आणि रोज जाऊन माती उकरायला लागली.

‘आजोबा, अजून का नाही उगवत?’

‘सारखी उकरलीस तर कशी उगवेल? तू फिरून ये. ती उगवते का ते मी बघतो.’

निघायच्या दिवशी सयाजीगंजमध्ये उभ्या उभ्या सेव-उसळ खाल्ली, चेन्नईची गाडी पकडली आणि तिथून विमानाने कोलंबोला गेलो. मंदारने सेव-उसळीचाही व्हिडिओ केला. तिखटाने पार्थच्या नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं, तेवढा भाग ठेवला.

श्रीलंका सुरुवातीला बरी. जवळ आहे, व्हिसाची कटकट कमी, आणि भाताबरोबर नारळाच्या दुधातली डाळ मिळाली की मुलं गप जेवतात. कँडीहून एल्लाला जाणाऱ्या गाडीची राखीव तिकिटं फार लवकर संपतात. नाही मिळाली तर सरळ बिनराखीव डब्यात चढा आणि खिडकी सोडू नका. त्या वाटेवर चहाचे मळे लागतात. आम्ही मध्येच उतरून एका मळ्यात राहिलो होतो. तिथे पानं खुडणाऱ्या बाईकडे सई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘आई, या फक्त वरचीच पानं का काढतात? खालची मोठी असून?’

मी तोंड उघडणार तेवढ्यात मंदार धावत आला. ‘थांब थांब, हे रेकॉर्ड नाही झालं. परत एकदा, सई. तिकडे वळून विचार.’

सईने परत विचारलं. वाऱ्याचा आवाज आला म्हणून तिसऱ्यांदा विचारलं. तोवर ती बाई पुढच्या ओळीत निघून गेली. सईला उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही, आणि व्हिडिओला त्याची गरजही पडली नाही. प्रश्न विचारताना ती फार गोड दिसत होती म्हणे.

पुढे व्हिएतनाम. होइ आन गावात आम्ही सगळ्यात जास्त राहिलो. नदीपासून थोडं आत घर घेतलंत तर महिन्याचं भाडं आमच्या गोत्रीच्या फ्लॅटला येत होतं त्यापेक्षा थोडंच जास्त. शाकाहारी असाल तर ‘चाय’ लिहिलेली पाटी शोधा. आपला चहा नव्हे, तिथे बिनमांसाच्या जेवणाला चाय म्हणतात. टोफू आणि भात स्वस्त, आणि पोटाला सोसतात.

तिथेच एका सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सईला अपूर्णांकांची बेरीज समजली. पुस्तकात तिला ती कधीच पटली नव्हती. मी लांब पाव आणला होता. अर्धा तिचा, तिसरा हिस्सा पार्थचा, मग दोघांचा मिळून किती? तिने सुरी घेतली, सगळ्या पावाचे सारखे सहा तुकडे केले, आणि एकदम खुर्चीत ताठ झाली. ‘म्हणजे आधी सारखे करायचे. सारखे केल्याशिवाय मोजायचेच नाहीत.’ मी इतकी वर्षं गणित शिकवलं, पण मुलाला असं समजताना इतक्या जवळून क्वचित पाहिलं होतं. खरं सांगायचं तर मला रडू आलं.

मंदार आंघोळ करून बाहेर आला. त्याला सांगितलं तर त्याचाही चेहरा फुलला. आणि लगेच म्हणाला, ‘हेच नदीकाठी करू. कंदील मागे येतील. सई, तसंच परत, फक्त आधी दोनदा चुकव हं.’

‘अरे, तिला आलंय ते,’ मी म्हटलं. ‘मुद्दाम चुकायला काय लावतोस?’

‘अगं, लोकांना शिकताना बघायचं असतं. आलेलं बघण्यात काय मजा?’

‘आणि तिचं काय?’

‘तिला आवडतंय. बघ ने, किती मस्त करते.’

मस्तच केलं तिने. डोकं खाजवलं, ओठ चावला, दोनदा चुकली, मग डोळे मोठे करून म्हणाली, ‘अच्छा, आधी सारखे करायचे!’ तो आमचा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ. खाली तुम्हीच लिहिलं होतंत, ‘असं शिक्षण प्रत्येक मुलाला मिळो.’ त्या दिवसापासून घरात रोज दोन शाळा भरायला लागल्या. सकाळी माझी, तिच्यात समजायचं. संध्याकाळी मंदारची, तिच्यात न समजल्यासारखं करायचं. मी भांडले नाही असं नाही. पण व्हिडिओंच्या पैशांतून पुढची तिकिटं निघत होती, त्यामुळे माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

इंडोनेशियात जावा बेटावर ब्रोमो नावाचा जिवंत ज्वालामुखी आहे. जाणार असाल तर गरम कपडे न्या, विषुववृत्त म्हणून फसू नका. पहाटेच्या जीपचं भाडं ऐकून घाम फुटेल, तेवढीच काय ती ऊब. पार्थला जीपमध्ये दोनदा उलटी झाली. शेवटी पायऱ्या चढून विवराच्या काठाशी गेलो. खालून धूर येत होता आणि डोंगराच्या पोटातून गुरगुरल्यासारखा आवाज. मी मोठी बाई, पण कठडा दोन्ही हातांनी धरला. मी सईकडे पाहिलं. तिने आधी मंदारकडे पाहिलं, त्याने अंगठा वर केला, आणि मग तिने विवरात डोकावून ‘बाप रे’ म्हटलं, दोनदा. उतरताना मी विचारलं, ‘भीती वाटली का ग?’ तर म्हणाली, ‘कुठल्या वेळी?’

शेवटचा मुक्काम जॉर्जियाचा. तिबिलिसीच्या दिदुबे स्टँडवरून डोंगरात जायला मिनीबस मिळते. भरली की सुटते, वेळापत्रक विचारू नका. वरच्या गावात आम्ही एका बाईंच्या घरी राहिलो. त्यांचं नाव नाना. आपल्याकडे नाना म्हटलं की धोतर आणि तपकीर, या नाना मात्र पायात गमबूट घालून गाय दोहायच्या. रोज राजम्याचं सारण भरलेली जाड पोळी करायच्या. थोडी पुरणपोळीसारखी, गोड नाही एवढंच. पूर्ण प्रवासात परत खावीशी वाटेल अशी तीच एक गोष्ट.

मंदार कॅमेऱ्याची लेन्स दुरुस्त करायला तिबिलिसीला गेला होता. त्या सकाळी उठून बघतो तर बाहेर सगळं पांढरं. बडोद्याची मुलं ती, बर्फ त्यांनी फक्त गोळ्याच्या गाडीवर पाहिलेला. पार्थ पायमोज्यांवरच बाहेर पळाला. नानांनी त्याला धरून बूट चढवले आणि दोघं अंगणात गोळे मारत सुटले. सई खिडकीशी बसून राहिली.

‘चल ने,’ मी म्हटलं. ‘पहिला बर्फ आहे. वितळून जाईल.’

‘बाबा आल्यावर.’

‘अगं, बाबाचं काय त्यात? तू जा.’

तिने माझ्याकडे अगदी समजुतीने पाहिलं, जसं काही मीच लहान होते. ‘आत्ता गेले तर मग परत करावं लागेल, आई. आणि दुसऱ्यांदा गार लागल्यासारखं करायला मला नीट येत नाही.’

नानांनी आत येऊन फोनवर भाषांतर करून विचारलं, ‘मुलगी आजारी आहे का?’ मी मान हलवून नाही म्हटलं, पण उत्तर चुकलं असं आजही वाटतं. दुपारी ऊन पडलं. मंदार दुसऱ्या दिवशी पोचला तेव्हा अंगणात नुसता चिखल होता. त्याला बर्फ गेल्याचं फार वाईट वाटलं. मी त्या दिवशी बॅगा भरायला घेतल्या आणि सांगितलं, मी मुलांना घेऊन बडोद्याला चालले, तुला यायचं तर ये. तो आला.

अहमदाबादहून टॅक्सी करून गोत्रीला पोचलो, भाडेकरूने फ्लॅट नुकताच रिकामा केला होता. कुलूप उघडायच्या आत हंसाबेन थेपल्यांचा डबा घेऊन दारात. ‘आवी गयां, केमबेन? हवे बोलो, शुं शुं जोयुं?’ सई सरळ उभी राहिली आणि आम्ही किती देश पाहिले, त्यातला कुठला का आवडला, ते एका दमात, हसत, न अडखळता सांगून मोकळी झाली. हंसाबेन डबा धरून वाट बघत राहिल्या. मग हळूच मला म्हणाल्या, ‘आ छोकरी कंई पूछती केम नथी?’ मी म्हटलं, दमलीय, विचारेल उद्या.

दोन दिवसांनी रावपुऱ्याला गेलो. माझ्या वडिलांनी कुंडी धुऊन पुसून व्हरांड्यात आणून ठेवली होती. कोय उगवली होती. रोप सईच्या गुडघ्याच्या वर गेलं होतं, टोकाला तांबूस कोवळी पानं. वडील नुसते बाजूला झाले. आयुष्यभर रेल्वेत नोकरी केलेला माणूस, नातीच्या तोंडाकडे असा बघत होता की मलाच बघवेना.

सईने डोळे मोठे केले. हात तोंडावर नेला. ‘अय्या आजोबा, केवढं मोठं झालं!’ मग हात खाली घेतला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, ‘नीट झालं? का परत करू?’

वडिलांना वाटलं, ती रोपाबद्दल बोलतेय. ते म्हणाले, ‘परत कशाला करायचं, बाळा? उगवलंय की.’

मंदार माझ्या शेजारीच उभा होता. त्याने ऐकलं. त्याने खिशातून मोबाइल काढला नाही, एवढं श्रेय मी त्याला देते.

आता सई शाळेत जाते. प्रवेशाची परीक्षा तिने सहज दिली, त्यामुळे ‘अभ्यास बुडेल का?’ या तुमच्या काळजीचं उत्तर, नाही बुडत. पण परवा तिच्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, ‘हुशार आहे हो. पण उत्तर येत असलं तरी आधी चुकीचं सांगते आणि मग बरोबर. असं का करते?’ काय सांगणार कपाळ? कॅमेऱ्यासाठी उगाच हसायची सवय लागली होती, ती मात्र हळूहळू कमी होतेय.

हिशोब मांडायचा तर पार्थला चार भाषांत धन्यवाद म्हणता येतं. मंदारला हजारो माणसं नावाने ओळखतात. मला नानांच्या पोळीची कृती मिळाली आणि पाठीचं दुखणं मिळालं. सईला काय मिळालं ते मी कितीही डोकं चालवलं तरी लिहिता येत नाही. तुम्ही विचारता, मुलांना घेऊन जावं का? खुशाल जा. जग वाईट नाही. फक्त मुलाने पहिल्यांदा काही पाहिलं की त्याला ते एकदाच पाहू द्या.

आणि ‘पुढे कुठे?’ असं जे विचारतात, त्यांच्यासाठी कालचं सांगते. मंदारने पेरू देशाचा नकाशा काढलाय. लोक सीझन दोनची वाट बघताहेत म्हणे. रात्री जेवताना त्याने विषय काढला.

‘सई, दक्षिण अमेरिकेत जायचं ना आपण? लामा बघायला?’

सईने घास हातातच ठेवला. त्याच्या हाताकडे पाहिलं, मग पाण्याच्या तांब्याच्या मागे, मग फ्रिजच्या वर.

‘कॅमेरा चालू आहे?’

‘नाही ग. असंच विचारतोय.’

‘मग नाही जायचं,’ ती म्हणाली आणि जेवायला लागली.

मंदार बराच वेळ वरणभात कालवत राहिला. पार्थने लोणचं मागितलं, ते मी वाढलं.