दोन कड्यांचं दार

मुनेवेराला गप्प बसता येत नाही, हे सारायेव्होच्या चढावरच्या साऱ्या व्रात्निक वस्तीला ठाऊक होतं. तंबाखूच्या कारखान्यात होती तोवर तिची बडबड यंत्रांच्या खडखडाटात विरून जायची. मग ती निवृत्त झाली, नवरा रागिब गेला आणि ऐकायला घरात फक्त मांजर उरलं. तेव्हा तिने लोकांना शहर दाखवायचं काम धरलं. दर शनिवारी, आणि पायीच. तुर्कांच्या वेळचं शहर गाडीतून बघणाऱ्याला ती माणसात धरत नसे. "सुलतानाचा वजीरसुद्धा या चढावर घोड्यावरून उतरायचा," असं ती सांगायची. खरं-खोटं तिचं तिला माहीत.

फेरी मशिदीजवळच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून निघे. ते घड्याळ सूर्य मावळला की बारा दाखवतं. पाहुणे मनगटाकडे बघायला लागले की ही म्हणे, "त्याचं बरोबर आहे, तुमची दुरुस्त करून घ्या." पुढे घुमटांखालचा कापडबाजार, हमामाची जाड भिंत, जुन्या सराईचं अंगण. सराईच्या लाकडी खांबांवरून ती प्रत्येकाला हात फिरवायला लावी. "डोळ्यांनी काय बघता? हात लावा!" आणि मग तो जीवघेणा चढ, वर मोहल्ल्यात, जिथे दोन्ही बाजूंना नुसत्या उंच भिंती. घरं रस्त्याला पाठ करून बसलेली, सगळं कौतुक आत अंगणात.

शेवटी ती सगळ्यांना स्वतःच्या अंगणात बसवून कॉफी पाजायची आणि शेजारच्या भिंतीतलं एक ठेंगणं दार दाखवायची.

"याला कापिजिक म्हणतात. शेजाऱ्यांचं दार. अशा दारांतून बायका रस्त्यावर पाऊल न ठेवता सगळा मोहल्ला पालथा घालायच्या. मीठ, तान्ही पोरं, चहाड्या, सगळं इथूनच जायचं. युद्धात रस्त्यावर गोळ्या सुटायच्या, तेव्हा आमच्या घरी पाणी याच दारातून आलं."

पाणी कोण आणायचं, ते मात्र ती सांगत नसे. आणायची झुम्रा, भिंतीपलीकडची. दोघी या मोहल्ल्यात एकाच वर्षी सुना म्हणून आल्या होत्या आणि गेली सात वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण विचाराल तर हसाल. रागिब गेला त्या दिवशी झुम्रा रस्त्याच्या मोठ्या दाराने आली. चांगला कोट घालून, चार लोकांसारखी रांगेत. हात हातात घेतला, सांत्वनाचे दोन शब्द बोलली आणि दाराजवळ बसली. मुनेवेराला ते काळजात लागलं. जन्मभर जी शेजारीण न विचारता मागच्या दाराने यायची, ती नेमकी आजच परकी झाली? लोक पांगल्यावर तिने दाराला आपल्या बाजूने कडी घातली. कडी तशी दोन्ही बाजूंना होती. झुम्रानेही तिची घातलीच असणार, हे तिने गृहीत धरलं. खात्री करायची तर आधी आपली काढावी लागणार, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

आणि एके दिवशी पाववालीने बातमी दिली. झुम्रा पुढच्या गुरुवारी कायमची मुलीकडे ऑस्ट्रियात, ग्रात्सला चालली.

"जाईना का! मला काय त्याचं?" मुनेवेरा म्हणाली आणि पाव तिथेच विसरून घरी आली. पुढे होऊन बोलायचं तर मान आडवा येत होता, आणि न बोलता झुम्रा गेली असती तर उरलेला जन्म ती भिंत खायला उठली असती.

त्या शनिवारी तिने फेरी अशी पळवली की लोकांना धाप लागली. अंगणात आल्यावर झेनित्साहून आलेल्या रेशादने, निवृत्त ओतारी होता तो, कपाळ पुसत विचारलं, "उघडतं का हो हे दार?"

"पलीकडून कडी आहे."

"आणि अलीकडून?"

"अलीकडूनही आहे," ती गुरगुरली.

"मग आपली तरी काढा. गंजलीय वाटतं. जन्म लोखंडात गेलाय माझा, बघू का?"

"हात लावू नका!"

सगळे चपापले. मुनेवेरा उठली, पायातली चप्पल काढली आणि कडीवर दोन-तीन तडाखे हाणले. कडी निघाली. आता पलीकडची अडणार म्हणून तिने दाराला सगळा भार देऊन खांदा लावला. दार कुरकुरलंसुद्धा नाही. मुनेवेरा तोल जाऊन थेट झुम्राच्या अंगणात, आलुबुखारांच्या टोपलीजवळ जाऊन पडली.

झुम्रा स्टुलावर बसून कपबश्या कागदात गुंडाळत होती. तिने मान वर केली.

"हळू गं! या वयात हाड मोडून घेशील."

"तुझी कडी?"

"मी कधी लावली? दर पानगळीत बिजागऱ्यांना तेल घालत होते. तुझ्या कडीपर्यंत माझा हात पोचत नव्हता, मेले."

मुनेवेरा कशीबशी उठून बसली. मग एकदम म्हणाली, "मग त्या दिवशी मोठ्या दाराने का आलीस? परक्यासारखी!"

"मी काय मीठ मागायला येत होते मागच्या दाराने? रागिबसाठी आले होते. त्याच्या शेवटच्या दिवशी तरी त्याचा मान राखायला नको?"

मुनेवेरा तिथेच फरशीवर बसून रडली. सात वर्षांचं एकदम. भिंतीअलीकडे पाहुण्यांनी आपली आपण कॉफी ओतून घेतली. फेरी तिथेच संपली आणि कुणी तक्रार केली नाही.

गुरुवारपर्यंत ते दार मिटलं नाही. "जाऊ नकोस," मुनेवेराने सरळ सांगून टाकलं.

"गुडघे गं," झुम्रा म्हणाली. "या चढाने जीव खाल्ला माझा. तिकडे लिफ्ट आहे."

टॅक्सी आली तेव्हा झुम्रा चांगला कोट घालून, बॅग घेऊन छोट्या दारातून मुनेवेराच्या अंगणात आली. "आज तुझ्या मोठ्या दाराने निघते. बघू दे मोहल्ल्याला, कुणाच्या घरातून गेले ते."

मुनेवेराने तांब्याच्या भांड्यातलं पाणी तिच्या मागे रस्त्यावर ओतलं, गेलेलं माणूस सुखरूप परत यावं म्हणून ओततात तसं. ते उतारावरून टॅक्सीच्या मागे वाहत गेलं. ती मात्र भांडं हातात धरून टॅक्सी दिसेनाशी झाल्यावरही उभी राहिली.

पुढच्या शनिवारी कुणीतरी विचारलंच, "हे बंद असतं का?"

"ढकलून बघा," मुनेवेरा म्हणाली.

पानगळ सुरू झाली तशी ती तेलाची बाटली घेऊन झुम्राच्या रिकाम्या अंगणात गेली. बिजागऱ्या त्या बाजूला होत्या.