वीरगळाचं नाव

पूर्णेला मोठी गाडी सोडून छोट्या लायनीच्या डब्यात बसलो आणि घाई नावाचा प्रकार तिथेच उतरून गेला. हिंगोलीला पोचलो तेव्हा गंगाधरराव फलाटावरच्या बाकावर कॅमेऱ्याची पिशवी उशाला घेऊन झोपले होते. लग्नसराईत नवरानवरी आणि एरवी जुने दगड, हे त्यांचे दोन विषय. पहिल्यावर पोट चाले, दुसऱ्यावर जीव जडला होता.

"दगड बरे," डोळे चोळत ते म्हणाले, "फ्लॅश उडाला तरी डोळे मिटत न्हाईत."

आमच्या दिवाळी अंकासाठी ते एका वीरगळावर (लढाईत पडलेल्याच्या आठवणीचा कोरीव दगड) लिहीत होते. साखऱ्याच्या पुढे एका वस्तीच्या बांधावर तो त्यांना सापडला होता. स्थानिक पेपरात त्यांनी बातमीही दिली होती. गायी सोडवताना हा वीर पडला, एवढं वरच्या ओळींवरून लागलं होतं. नाव तळाच्या ओळीत, मातीत होतं. ते वाचायलाच आम्ही निघालो होतो.

वाटेत पुसेगावला भजी खाल्ली, त्यांची स्कूटर दोनदा ढकलली आणि बांधावर पोचलो. तिथे नुसता खड्डा.

"गेला!" गंगाधररावांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. "कुणीतरी नेला."

सोयाबीनमधून एक शेतकरी हाका मारत आला. "सर, हिकडं कुठं? देव तिकडं हाय!"

वस्तीच्या मधोमध नवं देऊळ होतं. आत शेंदराने लाल झालेला आमचा वीर, गुडघ्यापर्यंत सिमेंटात.

"तुमी पेपरात लिवलं, तवा आमाला कळलं," शेतकरी म्हणाला. "तुमच्यामुळं देव गावला (सापडला)."

गंगाधररावांनी चाचरत विचारलं, "खालचं सिमेंट जरा फोडता येईल?"

"काहून (का)?" एक म्हातारी पुढे आली. "देवाचे पाय उघडे पाडता काय?"

"मावशी, हा देव न्हाई. गायीसाठी मेलेला माणूस हाय. तिथं त्याचं नाव लिवलंय."

"गायीसाठी मेला, मंग अजून काय पायजे देवाला? आन् नाव ठिवलं की आमी."

तिने वर बोट दाखवलं. चौकटीवर ठळक निळ्या रंगात लिहिलं होतं : श्री गंगाधरबाबा.

"तुमीच हुडकला," शेतकरी म्हणाला, "म्हणून तुमचंच दिलं."

गंगाधररावांनी पाटी पुन्हा एकदा वाचली. मग त्यांना शाल घातली, नारळ दिला, शिरा वाढला. म्हातारीने डोळे मिटून नातीसाठी गंगाधरबाबाला नवस बोलला. गंगाधरराव शेजारीच, हातात शिरा धरून उभे.

परतताना मी विचारलं, "पाटी बदला म्हणाला का नाहीत?"

"म्हणणार होतो. पण ती हात जोडून बसली होती हो. त्यात कसं बोलावं?"

पुण्यात लेख छापला. शेंदूर लागण्याआधीचा, त्यांनी काढलेला वीरगळाचा जुना फोटो घातला, खाली त्यांच्याच सांगण्यावरून ओळ टाकली : वीर, नाव अज्ञात. अंक निघाला त्या दिवशी त्यांचा फोन आला. आपलं लिहिलेलं खेड्यात कुणी वाचत नाही, म्हणून आयुष्यभर कुरकुरलेला हा माणूस अजिजीने म्हणत होता,

"कुठंबी पाठवा, पण त्या वस्तीवर अंक तेवढा पाठवू नका."