माझ्याच अक्षरातला राजीनामा

मित्रहो, बेरोजगारी भत्ता नाकारल्याविरुद्धच्या माझ्या अपिलाची आज ठाण्याच्या न्यायालयात सुनावणी झाली.

समोरच्या वकिलांनी माझा राजीनामा पुढे धरला. "काका, अक्षर तुमचंच ना? जबरदस्तीत इतकं सुबक लिहिलंत?"

अक्षर माझेच आहे. कारखान्याने कपात केली, पण प्रत्येकाकडून 'स्वेच्छेने' राजीनामा लिहून घेतला; आणि स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला भत्ता मिळत नाही. त्या दिवशी माझी पत्नी सुमन कल्याणच्या रुग्णालयात होती. वाद घालण्यापेक्षा तिच्याजवळ लवकर पोहोचावे, म्हणून मी निमूटपणे लिहून दिले. आठवड्याने ती गेली.

न्यायाधीशांनी विचारले, "साक्षीदार आहे?"

मी पुढील तारीख मागितली. तेव्हापासून इथेच ठाण्यात, नौपाड्यात नुसता फिरतो आहे. घरी जाववत नाही.

त्या दिवशी राजीनामा लिहिण्यासाठी माझ्यामागे रांगेत उभे असलेले सहकारी या गटात आहेत. साक्षीला कोण येईल?